शिवेवरचा लघुलेखक

नगराळे काकांकडे कुणी तक्रार घेऊन गेलं, की ते आधी खुर्ची पुढं करायचे, मग चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "तुमच्या म्हणण्याची नोंद घेतली हाय." बस्स. पुढं काही नाही. नळाला पाणी नाही, नोंद घेतली. रस्त्यावरचा दिवा बंद, नोंद घेतली. स्वयंपाकघरातून कुसुमकाकू ओरडल्या की गॅस संपला, तरी हे बाहेरून, "नोंद घेतली!" काकू वैतागून मला सांगायच्या, "सारी जिंदगी माह्या नोंदीच घेऊन राह्यला हा माणूस. सिलिंडर कोण आणते मंग, याचा आजा?"

दारव्ह्यात त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. ते निवृत्त होऊन आले तेव्हा गल्लीत आवई उठली की फॉरेनचे साहेब राहायला आले. साहेब कसले! देवमन नगराळे परराष्ट्र खात्यात लघुलेखक होते. मोठे लोक बोलायचे, हे खुणांच्या लिपीत उतरवून घ्यायचे आणि मग टाइप करून सहीला ठेवायचे. आधी दिल्ली, मग एक-दोन देश, आणि शेवटची नेमणूक समुद्रातल्या एका एवढ्याशा देशात. नाव ते फारसं घेत नसत, 'तिकडं' म्हणायचे. मीही घेत नाही. नकाशात शोधायला गेले तर अक्षरं मोठी आणि देश ठिपक्याएवढा. मी म्हटलं, "काका, हा देश आहे की शाईचा डाग?" ते हसले नाहीत. "पुढच्या छपाईत डाग बी राह्यते का नाई, पाह्य," म्हणाले.

समोरचा बोलत असला की काकांचं उजव्या हाताचं बोट मांडीवर चालायचं. तो बोलणं उतरवून घेण्याचा जुना चाळा. त्यामुळे त्यांच्यासमोर थापा मारताना मला नेहमी धास्ती वाटायची.

पेपर आला की ते आतलं जगाचं पान आधी काढायचे. मला त्यांनी त्यातली भाषा वाचायला शिकवली. "हे पाह्य, मॅडम. 'चिंता व्यक्त केली' म्हणजे काईच करणार नाई. 'तीव्र चिंता' म्हणजे काईच करणार नाई, पण फोटो काढू. 'सर्व पर्याय खुले' म्हणजे एकही पर्याय नाई. आन 'मनमोकळी चर्चा झाली' असं लिहिलं तर समजून घ्या, भांडून उठले." मी हसून हसून बेजार. पण पुढं वर्गात तहाचा धडा शिकवताना पोरांना मी हेच सांगायला लागले, आणि त्यांना तेवढंच लक्षात राहिलं.

आमच्या गल्लीत नालीवरून दोन घरांत जुंपली होती. वरचा म्हणे खालच्यानं नाली बुजवली, खालचा म्हणे वरचा मुद्दाम घाण सोडतो. काठ्या निघायच्या बेतात होत्या. काका मध्ये पडले नाहीत. घरात जाऊन एक कागद टाइप करून आणला. त्यात 'कोणी केलं' याबद्दल एक शब्द नाही. फक्त 'नाली वाहती राहील याची दोन्ही घरे काळजी घेतील' एवढंच. दोघांनी सह्या केल्या, दोघांनाही वाटलं आपण जिंकलो. मी कौतुक केलं तर काका खिन्नपणे म्हणाले, "यात हुशारी कायची जी? खालच्याच्या दारात घाण येतच राहीन. कागदावर भांडण मिटलं, एवढंच."

हा माणूस असा. गमतीचं बोलायचा आणि शेवटी तोंड कडू करून ठेवायचा.

तिकडच्या गोष्टी ते सुट्या सुट्या सांगत. त्या देशाच्या परराष्ट्र खात्यात मोजून पाच माणसं आणि एक पंखा. मंत्री स्वतः खुर्च्या मांडायचे. कुणीही परदेशी पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला कबरस्तानात न्यायचे. तिथं समुद्र आत घुसलेला. भरती आली की कबरींवरून पाणी. पाहुणा बूट भिजवत उभा राहायचा, मान हलवायचा, मग चहा. "त्याईचं सारं परराष्ट्र धोरण त्या कबरस्तानात होतं," काका म्हणायचे. "दुसरं होतंच काय त्याईच्याजवळ? ना फौज, ना पैसा. जगाच्या सभेत एक मत होतं. तेवढं एक मत घेऊन दारोदार हिंडत. जो समुद्राले भिंत बांधून देईन त्याले मत. जो गोड्या पाण्याचं यंत्र देईन त्याले मत. आज याच्याशी दोस्ती, उद्या त्याच्या दुश्मनाशी. लोकं म्हणत, हा देश बिनभरवशाचा हाय. अरे बाप्पा, बुडत्या माणसानं काठीची जात पुसावी का?"

त्या पाच माणसांत एक सेलिना होती. तिशीतली बाई, आईसोबत राहायची. काकांशी तिची गट्टी जमली, कारण दोघंही लिहून घेणारी. एकदा त्या देशानं आपल्या वकिलातीला पत्र पाठवलं, की जगाच्या सभेत कोळसा बंद करण्याबद्दल आम्ही एक शब्द घालतो आहोत, तुम्ही आमच्या बाजूनं उभे राहा. मोठ्या देशांनी दिली तशीच उत्तराची भाषा दिल्लीहूनही आली: सहानुभूती आहे, पण हा शब्द नको. ते उत्तर टाइप केलं काकांनी आणि नेऊन दिलंही काकांनीच. सेलिनानं वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "मिस्टर नगराळे, तुमच्या जिल्ह्यात काय पिकतं?"

"मी म्हटलं कापूस, सोयाबीन, तूर," काका सांगत होते. "आन जिभेवर आलं होतं का कोळसा बी निंगते. माहा सख्खा पुतण्या वणीले खाणीत हाय, त्याच्या पगारावर चार माणसं जेवतात. पण नाई सांगतलं. गिळलं."

त्याच दिवशी, बहुतेक त्या गिळलेल्या कोळशाची भरपाई म्हणून, काकांनी तिला आपल्या गावाची गोष्ट सांगितली. सेलिना म्हणत होती, की जमीन पाण्याखाली गेली तर आम्ही देश राहतो की नाही, हे कुठल्याच कायद्यात नाही. देश नाही म्हटलं तर आमचा समुद्र, आमची मासळी, आमचं ते एक मत, सगळं संपतं. काका म्हणाले, आमच्याकडे आहे त्याचं उत्तर. आमच्याकडे बेचिराख गावं असतात. तिथं दिवा लावायला माणूस नाही, एक घर उभं नाही. पण सरकारी दप्तरात गावाचं नाव आहे, नकाशा आहे, चारी शिवा आहेत. शेजारचं गाव ते गिळू शकत नाही. माणसं गेली तरी गाव राहतं. माझंच गाव तसं आहे, मोहदरी.

सेलिनानं वही काढली. काका पुढच्या रजेवर दारव्ह्याला आले तेव्हा मोहदरीचा गावनकाशा काढून घेऊन गेले. तो नकाशा त्या पाच माणसांच्या खात्यात भिंतीवर लागला. विचार करा, आपल्या दारव्हे तालुक्यातलं एक उजाड गाव, तिकडं जगाच्या पार त्या टोकाला, पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत होतं.

ही गोष्ट काका अभिमानानं सांगतात असं मला वाटायचं. एकदा मी सहज म्हटलं, "काका, मला मोहदरी दाखवा." तर ते उठून आत गेले. चार दिवसांनी सकाळी दारात उभे. "चला. पण पायी लय चालावं लागते."

दर वर्षी पिकं निघाली की ते एकटेच जायचे, हे मला तेव्हा कळलं. मोहदरीची शीव पायांनी फिरून यायचे. त्यांचे आजोबा त्या गावचे महार. जुन्या काळी दोन गावांत शिवेवरून वाद झाला, की महारानं पुढं चालायचं आणि गावानं मागं. तो जिथून चालेल ती शीव. एरवी ज्याची सावली नको, त्याच्या पावलावर पाटलाची जमीन ठरायची. काय म्हणावं याला! काकांच्या वडिलांनी बौद्ध झाल्यावर गावकामाला हात लावला नाही, आणि पोराला यवतमाळला टायपिंगला घातलं. "पण शीव माह्या पायात राह्यली," काका म्हणाले.

तुरीच्या काड्यांतून आम्ही एकेक दगड पाहत चाललो. मोहदरीत आता काय, तर पांढऱ्या मातीची एक उंच जागा, बुजलेली विहीर आणि मारुतीचा ओटा. मारुतीला ताजा शेंदूर होता. "कोण येतं?" मी विचारलं.

"सारेच येतात. ज्याईचं गाव होतं त्याईचे नातू, पंतू. वर्षातून एकदा स्वयंपाक करतात, फोटो काढतात." मग ते उतारावरून खाली, पूर्वेला नाल्याकडे चालायला लागले. काटेरी झुडपं, आणि मध्ये दगडांनी बांधलेला एक खड्डा. त्यात हिरवं पाणी होतं. "हा आमचा पुरा, महारवाडा. वारा पश्चिमेकडून येते, म्हणून आमी पूर्वेले. म्हणजे आमच्यावरून गेलेला वारा गावाले लागू नये. नाला वरून खाली येते, म्हणून आमी खाली. हा आमचा झिरा."

आणि मग त्यांनी सांगितलं. आजोबांच्या काळात पाऊस सारखा रुसला. वरची गावविहीर आटली. खाली पुऱ्याच्या झिऱ्याला मात्र पाणी होतं. गावाला ते दिसत होतं. आजोबा स्वतः वर जाऊन म्हणाले, घेऊन जा. गावानं रात्री बैठक घेतली, आणि सकाळी गाड्या जुंपल्या.

"पाणी असून गाव उठलं, मॅडम. आमच्या झिऱ्याचं पिण्यापरीस गाव सोडलं. ज्याईच्या जमिनी होत्या त्याईचे पलीकडच्या गावात सोयरे होते, त्याईले घरं भेटली. आमी पाणी धरून इथंच राह्यलो असतो, पण काम कोणाचं करता? भाकर कोण देते? आमी बी गेलो मागं. तिथं सांगतलं, या, पण खालच्या अंगाले राहा. दप्तरात मोहदरी जशीच्या तशी हाय. शीव हाय, मारुती हाय. आन ज्यानं शीव चालून दाखवली तो माणूस दुसऱ्याच्या गावाच्या पूर्वेले." ते खड्ड्याच्या काठावर बसले. "तिले मी अर्धंच सांगतलं. शरम वाटली. परक्या देशात आपल्या घरचं कसं सांगता?"

आमच्या गावातही बौद्धांची घरं पूर्वेलाच आहेत. एवढी वर्षं मी पोरांकडून वाऱ्यांच्या दिशा घोकून घेते, पण ती घरं तिथंच का, हे मी कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली, दुसरं काय.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत सेलिनाचा निरोप आला. त्यांचा देश एका मोठ्या शेजारी देशाशी करार करायला बसत होता. बुडायची वेळ आली तर आमची माणसं घ्या, आणि तरीही आम्हाला देश म्हणत राहा, अशी मागणी. तिला काकांचं बोलणं हवं होतं. मोहदरीत उभं राहून, फोनवर, त्यांच्या बोलणी करणाऱ्यांसमोर सांगा, की माणसं गेली तरी गाव राहतं. पाच मिनिटं फक्त.

काका आठ दिवस धड जेवले नाहीत. काकू मला म्हणाल्या, "याईले समजवा वो. ते बाई आशेनं पुसून राह्यली, तिले जे पाहिजे ते सांगा न मोकळे व्हा. कायले जुनं उकरता?" मलाही तेच वाटत होतं. अर्ध्यानं तिचं काम होणार असेल, तर पूर्ण सांगून ते काम बिघडवायचं कशाला? मी तसं बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "नोंद घेतली," आणि मला त्यांचा अस्सा राग आला!

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही मोहदरीला गेलो. झिऱ्याजवळ रेंज नाही, पांढरीवर नाही. रेंज सापडली ती फक्त मारुतीच्या ओट्यावर. काका पायरीशी थबकले. "आजा माहा कधी चढला नाई इथं," म्हणाले, आणि चपलांसकट वर चढले. मी फोन धरून उभी. पडद्यावर सेलिना, तिच्यामागं टेबलाभोवती काही माणसं आणि भिंतीवर तोच नकाशा.

काकांनी साध्या, टाइप केल्यासारख्या इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. पहिली दोन मिनिटं तिला हवं तेच. शीव, दप्तर, नाव. माणसं माना डोलावत होती. मग ते थांबले आणि म्हणाले, "मी तुम्हाला अर्धी गोष्ट सांगितली होती, त्याबद्दल माफी मागतो." आणि झिऱ्यासकट सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "नाव राहील, त्याची काळजी करू नका. नाव ठेवायला कुणाला काही पडत नाही. ते तुम्हाला कुठं ठेवणार आहेत, ते करारात लिहून घ्या. गावाच्या कोणत्या बाजूला, पाण्याच्या वर की खाली, ते आधी विचारा. सगळे एकदम बुडतात असं दिसतं, पण सगळे सारखे बुडत नाहीत."

टेबलाभोवतीच्या माना डोलायच्या थांबल्या. मला वाटलं रेंज गेली. मग सेलिना म्हणाली, "आम्ही तर शेवटी विचारणार होतो हे." एवढंच. ओट्यावरून काका एकेक पायरी चाचपत उतरले. मी हात धरला.

करार झाला. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्या काकांनीच मला दाखवल्या. जमीन गेली तरी तो देश देशच मानला जाईल. दर वर्षी काही कुटुंबांना चिठ्ठ्या काढून मोठ्या देशात राहायला घेतील. त्या बदल्यात, मोठ्या देशाला विचारल्याशिवाय हा देश दुसऱ्या कुणाशी संरक्षणाचा करार करणार नाही. "राहाले खोली देल्ली, आन दाराची किल्ली सोताजवळ ठेवली," काका म्हणाले. कुठं ठेवणार याचा एक शब्दही नव्हता. सेलिनानं कळवलं, की आम्ही तो मुद्दा पहिल्याच दिवशी मांडला. समोरचे म्हणाले, वस्ती कुठं करायची हा त्या त्या गावच्या नगरपालिकेचा प्रश्न आहे, आंतरराष्ट्रीय कराराचा नाही. जागेचा आग्रह धराल तर बाकीचंही राहू द्या. म्हणून सह्या केल्या.

काका पुढच्या पावसाळ्याच्या तोंडी गेले. झोपेतच. त्याच्या आधी महिनाभर केव्हातरी त्यांनी मला भिंतीवर थाप मारून बोलावलं, तेवढीच भेट मला नीट आठवते. नंतरच्या भेटी नुसत्या येता-जाता झाल्या.

सेलिनाचं नाव चिठ्ठीत निघालं होतं. आईला घेऊन ती मोठ्या देशात राहायला गेली होती, आणि तिनं नव्या घराचा फोटो आणि पत्ता पाठवला होता. छान पिवळं घर, दारात आई खुर्चीत बसलेली. काकू हरखून गेल्या होत्या. "भेटलं बाप्पा पोरीले छप्पर," म्हणत त्यांनी फोटोला बोटं लावून कानशिलावर मोडली. काका म्हणाले, "मॅडम, हा पत्ता वरून दिसते का तुमच्या फोनवर? नकाशात?"

मी शोधून दिला. मोठं, आखीव गाव. झाडं, शाळा, मैदान. नदी गावाच्या कडेनं वायव्येला गेलेली. आणि तिच्याच काठानं, हमरस्ता ओलांडून, सखल जागेत एकसारख्या छपरांच्या दोन रांगा. सेलिनाचं घर त्यात होतं.

काकांनी चष्मा पुसला. "नदी इकडून तिकडं वाहते न?"

"हो."

"आन वारा? तिथं वारा कोणीकडून वाहते?"

वीस वर्षं मी हे शिकवते आहे. मी म्हटलं, "माहीत नाही, काका. बघावं लागेल."

त्यांचं बोट मांडीवर चालत होतं. मग मीच म्हटलं, "आग्नेयेकडून. बहुतेक वर्षभर."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. गावावर बोट ठेवलं आणि वारा जातो तसं सावकाश वायव्येला नेलं. हमरस्त्यावरून, पलीकडे. छपरांवर येऊन थांबले. "आमचाच पुरा हाय हा," ते म्हणाले.

काकू आत चहा टाकत होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. मी विचारलं, "तिला काय लिहायचं?" आई उत्तराची वाट पाहते आहे, असं सेलिनानं खाली लिहिलं होतं.

त्यांनी फोन मला परत दिला. मग म्हणाले, "लिहा, घर चांगलं हाय."

मी लिहिलं. त्यांनी वाचून पाहिलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि म्हणाले, "पाठवा."